पोर्ट लुईतील दोन संग्रहालये: आप्रवासी घाट आणि गुलामगिरीचे संग्रहालय

मॉरिशसला जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी समुद्रकिनारे, शामारेलची सातरंगी माती आणि गंगा तलाव पाहून परततात. राजधानी पोर्ट लुईच्या वाट्याला येतो तो फार तर खरेदीचा अर्धा दिवस. हा अर्धा दिवस वाढवून पूर्ण करावा आणि बंदरालगतच्या दोन वास्तूंसाठी राखून ठेवावा, असे सुचवण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. पहिली वास्तू म्हणजे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील आप्रवासी घाट, म्हणजे भारतातून करारावर आणलेले मजूर जेथे उतरत ती जागा, व त्याला जोडलेले बीक्रमसिंग रामलल्ला इंटरप्रिटेशन सेंटर, आणि दुसरी म्हणजे जुन्या लष्करी रुग्णालयात उभे राहिलेले गुलामगिरीचे आंतरखंडीय संग्रहालय. घाटावरची मांडणी अतिशय उत्तम आहे. दुसरे संग्रहालय वयाने लहान आहे, परंतु त्याची गरज अधिक मोठी आहे. या दोहोंपैकी एकच पाहिले तर मॉरिशस हा देश कसा घडला हे निम्मेच कळते, आणि बहुतेक पर्यटक एकच पाहतात.

आमच्याही बाबतीत तसेच घडणार होते. गेल्या मे महिन्यात आम्ही एका सहलसंस्थेबरोबर गेलो होतो आणि तिच्या कार्यक्रमात घाटासाठी पाऊण तास दिलेला होता. घाट पाहून बाहेर पडल्यावर मी संस्थेच्या प्रतिनिधीला विचारले, की जवळच गुलामगिरीचे संग्रहालय आहे, तेही पाहता येईल का. तो अत्यंत सौजन्याने म्हणाला, "काका, ते आपलं नाही. ते क्रेओल लोकांचं आहे. आपलं हे." क्रेओल म्हणजे तेथील आफ्रिका व मादागास्करहून आणलेल्या गुलामांचे वंशज. त्या तरुणाच्या मनात कोणाविषयी द्वेष नव्हता. आपल्या गटाला ज्यात रस असेल ते दाखवावे, इतकाच त्याचा हिशेब होता. परंतु ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही आणि दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, समुद्रसफर सोडून मी व माझी पत्नी मेट्रोने पुन्हा पोर्ट लुईला आलो.

आधी घाटाविषयी सांगतो. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी संपवण्याचा कायदा झाल्यावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, आणि गुलामांच्या जागी करारावर बांधलेला 'मुक्त' मजूर चालतो का, याची चाचणी ब्रिटिशांनी याच बेटावर घेतली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून कलकत्त्याहून छत्तीस मजुरांची पहिली तुकडी येथे उतरली. त्यानंतर १९२० पर्यंत जवळपास साडेचार लाख माणसे या बंदरातून आत आली. त्यांतील बहुसंख्य कलकत्ता व मद्रास येथून निघालेली होती, आणि त्यांच्या मानाने कमी, परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाची अशी एक संख्या मुंबई बंदरातून आलेली होती. मॉरिशसमधील आजच्या मराठी समाजाचे पूर्वज ते हेच. कोकणातून आणि घाटमाथ्यावरून मुंबईला पोट भरायला आलेला माणूस तेथून जहाजात चढला आणि त्याने पाय टेकला तो या दगडी पायऱ्यांवर.

पायऱ्या सोळा आहेत. काळ्या बेसाल्टच्या, रुंद, मधोमध किंचित झिजलेल्या. आपल्याकडच्या कोणत्याही नदीघाटावर दिसाव्यात अशाच त्या आहेत आणि म्हणूनच त्या पाहताना परदेशात असल्याचे भान सुटते. पूर्वी समुद्र या पायऱ्यांना लागत असे. आज भराव घालून बंदर पुढे सरकले आहे. १८४९ मध्ये बांधायला घेतलेल्या या छावणीचा फार थोडा भाग शिल्लक आहे, कारण पुढे तिच्या अंगावरूनच रस्ता गेला. दरवाजाची इमारत, रुग्णालयाच्या खोल्यांच्या भिंती, स्वयंपाकघर, मजुरांची पडवी, शौचकूप, असे जे उरले आहे ते राखलेले आहे. ठिकठिकाणी भिंतीची फक्त रेघ जमिनीत दिसते आणि बाकीची इमारत आपण मनाने उभी करायची असते. नव्याने आलेल्या माणसाला येथे दोनतीन दिवस ठेवत, त्याची नोंद करत आणि मग मळ्याच्या मालकाच्या ताब्यात देत. जागा लहान आहे. साडेचार लाखांचा आकडा डोक्यात घेऊन आलेल्या माणसाला ती फारच लहान वाटते, आणि मला वाटते की या जागेचा परिणाम त्या लहानपणातच आहे.

पायऱ्यांशेजारच्या जुन्या गोदामात २०१४ मध्ये सुरू झालेले माहिती केंद्र आहे. ज्या पत्रकाराने या जागेची आठवण जागी ठेवण्यासाठी प्रयत्न केले, त्या बीक्रमसिंग रामलल्ला यांचे नाव त्याला दिलेले आहे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि मार्गदर्शकही त्यातच मिळतो. मांडणीत कोठेही घाई नाही. भरती कशी होत असे, जहाजावरचे आठवडे कसे जात, मळ्यावरील छावणीत काय खात, काय गात, आजारी पडल्यास पगार कसा कापला जात असे, हे क्रमाने उलगडत जाते. मी सर्वांत जास्त वेळ थांबलो तो मजुरांच्या तिकिटांपाशी. १८६७ च्या कायद्यानुसार पहिला करार पुरा केलेल्या 'जुन्या' मजुराला आपले छायाचित्र लावलेले तिकीट सतत जवळ बाळगावे लागे आणि ते न दाखवता आल्यास तो भटक्या ठरून तुरुंगात जाई. छायाचित्रात माणूस समोर पाहत बसलेला असतो आणि त्याच्यापाशी त्याचा क्रमांक असतो. नाव, बापाचे नाव, जहाज, उंची, अंगावरील खूण, जिल्हा, गाव, असे सारे नोंदवहीत लिहिलेले असे. कारकुनाला जसे ऐकू आले तसे ते लिहिले गेले आणि बापाचे नाव पुढच्या पिढीचे आडनाव होऊन बसले. आज मॉरिशसमध्ये जी विचित्र वाटणारी आडनावे आपल्याला भेटतात, त्यांतील बरीचशी या कारकुनाच्या कानातून आली आहेत.

या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात जपलेल्या आहेत. क्रमांक ठाऊक असेल तर मॉरिशसच्या नागरिकाला आपला पणजोबा कोणत्या जहाजातून, कोणत्या वर्षी, कोणत्या गावाहून आला हे शोधता येते. ज्या कागदांनी माणसाला बांधून ठेवले तेच कागद त्याच्या पणतवंडांना गावाचे नाव परत देतात, ही गोष्ट घाटावर उभे राहिल्यावर अंगावर येते. ही गोष्ट येथे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण दुसऱ्या संग्रहालयात तिचाच दुसरा अर्थ मला कळला.

घाटावर आम्ही होतो तेव्हा एका प्राथमिक शाळेची मुले आली होती. फलकांवरील मजकूर बाजूला ठेवून मार्गदर्शक बाई त्यांच्याशी अस्खलित क्रेओलमध्ये बोलत होत्या. क्रेओल ही फ्रेंच मालक आणि आफ्रिकेतून व मादागास्करहून आणलेले गुलाम यांच्या व्यवहारातून अठराव्या शतकात तयार झालेली भाषा आहे. भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी बोलणारे मजूर आले तेव्हा मळ्यावरच्या जुन्या माणसांकडून त्यांनी ती उचलली. आज देशातील बहुतेक सर्वांची ती घरची भाषा आहे. म्हणजे भारतीय मजुरांची कहाणी भारतीय वंशाच्या मुलांना सांगितली जात होती ती गुलामांनी घडवलेल्या भाषेत. त्या क्षणी वाटले, की या देशाची सर्वांत मोठी सामाईक ठेव ही त्या बाईंच्या तोंडातली भाषा आहे.

आता दुसऱ्या वास्तूकडे वळतो. घाटापासून चालत पाच मिनिटांच्या आत जुने लष्करी रुग्णालय लागते. फ्रेंच गव्हर्नर माहे द ला बुर्दोने याच्या काळात, १७४० च्या सुमारास, ते बांधले गेले आणि बेटावरील सर्वांत जुन्या इमारतींपैकी ते एक आहे. जाड दगडी भिंती, लांबलचक दालने, मध्ये अंगण, असे त्याचे रूप आहे. या भिंती कोणी रचल्या हा येथील पहिला प्रश्न. गुलामांनी, हे उत्तर खरे आहे, परंतु पुरे नाही. ला बुर्दोनेने पाँडिचेरीकडून गवंडी व कारागीरही आणवले होते. त्याहून महत्त्वाचे असे, की फ्रेंच काळात या बेटावर विकल्या गेलेल्या गुलामांत बंगालमधून आणि मलबार किनाऱ्यावरून आणलेले भारतीयही होते. दुसरीकडे, १८३४ नंतर करारावर आलेल्या मजुरांत आफ्रिका, मादागास्कर, कोमोरोस आणि चीनमधून आलेली माणसेही होती. गुलाम म्हणजे आफ्रिकी आणि करारमजूर म्हणजे भारतीय, अशी जी सरळ रेघ आपण मनात ओढलेली असते, ती इतिहासात इतकी सरळ नाही. आमचा प्रतिनिधी जे म्हणाला, "ते आपलं नाही", ते वस्तुस्थितीलाही धरून नव्हते.

या संग्रहालयाचा जन्म एका आयोगाच्या शिफारशीतून झाला. मॉरिशसने २००९ मध्ये सत्य आणि न्याय आयोग नेमला, दक्षिण आफ्रिकेचे अ‍ॅलेक्स बोरेन हे त्याचे अध्यक्ष होते आणि २०११ मध्ये त्याचा अहवाल आला. या आयोगाला गुलामगिरी आणि करारमजुरी या दोन्हींच्या परिणामांचा एकत्र विचार करण्यास सांगितले होते, हे मला फार मोलाचे वाटते. कोणाच्या जमिनी कशा गेल्या, शिक्षणात आणि नोकऱ्यांत कोण मागे राहिले, याची चौकशी एकाच कागदावर दोन्ही समाजांसाठी झाली. अहवालात गुलामगिरीच्या संग्रहालयाची शिफारस होती. २०२० मध्ये या इमारतीत एक प्राथमिक प्रदर्शन उघडले आणि २०२३ मध्ये संग्रहालय रीतसर सुरू झाले. घाट १९८७ मध्ये राष्ट्रीय स्मारक झाला आणि २००६ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, हे लक्षात घेतले म्हणजे या दुसऱ्या घराला किती थांबावे लागले ते दिसते.

येथे वस्तूंपेक्षा शब्द अधिक आहेत, आणि त्याचे कारण त्या इतिहासातच आहे. ज्याला स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता, त्याच्या मागे वस्तू काय राहणार? मालकांच्या याद्या राहिल्या, विक्रीचे कागद राहिले, भरपाईचे हिशेब राहिले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली तेव्हा सुमारे सहासष्ट हजार माणसे गुलाम होती. त्यांच्या मुक्ततेबद्दल ब्रिटिश सरकारने वीस लाख पौंडांहून अधिक भरपाई दिली, आणि ती सर्वच्या सर्व मालकांना दिली. मुक्त झालेल्यांना एक पैही मिळाली नाही. उलट, 'उमेदवारी' या नावाखाली त्यांना आणखी चार वर्षे, १८३९ पर्यंत, त्याच मालकांकडे काम करावे लागले. हा मजकूर वाचून मी मनात हिशेब केला. पहिले भारतीय मजूर १८३४ मध्ये आले आणि शेवटचे उमेदवार १८३९ मध्ये सुटले. म्हणजे चारपाच वर्षे तरी दोन्ही माणसे एकाच उसात, एकाच मुकादमाच्या हाताखाली शेजारीशेजारी उभी होती. मुक्त झालेले लोक जेव्हा मळे सोडून किनाऱ्याकडे व डोंगराकडे निघून गेले, तेव्हा त्यांनी रिकाम्या केलेल्या छावण्यांत भारतीय मजुरांनी आपली भांडी मांडली. मळ्यावरच्या वस्तीला मॉरिशसमध्ये आजही 'कां', म्हणजे कॅम्प, असे म्हणतात.

आणि नावे. घाटावर माणसाचे नाव चुकीचे लिहिलेले दिसते, पण ते लिहिलेले असते, त्याच्यापुढे बापाचे नाव असते आणि गावही असते. गुलामाचे नाव मालक ठेवीत असे. वाराचे नाव, महिन्याचे नाव, ग्रीक पुराणातल्या एखाद्या वीराचे नाव, मालकाच्या मनाला येईल ते. मोझांबिकच्या किनाऱ्यावर त्याची आई त्याला काय म्हणून हाक मारत असे, ते कोणत्याही वहीत नाही. म्हणून मोका येथील अभिलेखागाराने जे एका समाजाला दिले, ते दुसऱ्याला देणारी जागा मॉरिशसमध्ये नाही आणि होऊही शकत नाही. आदल्या दिवशी घाटावर त्या तिकिटांकडे पाहताना मला फक्त आपल्या माणसांची दुर्दशा दिसली होती. या दालनात उभे राहिल्यावर कळले, की त्या तिकिटावरचा क्रमांक ही एक मालमत्ताही होती.

या दोन संग्रहालयांबद्दल माझी खंत आहे ती येथे. दोन्ही ठिकाणी इतिहास प्रामाणिकपणे सांगितलेला आहे, परंतु तो दोन घरांत वाटून सांगितलेला आहे. घाटाचा कारभार आप्रवासी घाट ट्रस्ट फंड पाहतो, रुग्णालयातील संग्रहालयाची संस्था वेगळी आहे, आणि पळून गेलेल्या गुलामांच्या आठवणीशी जोडलेल्या ल मोर्न पर्वताचा, जो २००८ मध्ये जागतिक वारसा झाला, तिसराच ट्रस्ट आहे. १ फेब्रुवारीला गुलामगिरीच्या अंताची सुट्टी असते आणि २ नोव्हेंबरला मजुरांच्या आगमनाची. एका दिवशी ल मोर्नला फुले वाहिली जातात, दुसऱ्या दिवशी घाटावर.

असे का झाले हे समजून घ्यायचे तर देशाच्या जन्माकडे पाहावे लागते. १९६७ च्या ज्या निवडणुकीवर स्वातंत्र्याचा निर्णय झाला, तिच्यात सुमारे चव्वेचाळीस टक्के मते स्वातंत्र्याच्या विरोधात असलेल्या पक्षाला पडली होती. हिंदूंच्या राज्यात आपले काय होणार, ही भीती त्या मतांमागे होती. १९६८ च्या जानेवारीत, स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना, पोर्ट लुईमध्ये क्रेओल आणि मुसलमान यांच्यात दंगल उसळली, ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले आणि वर्षानुवर्षे शेजारी राहिलेल्या कुटुंबांनी मोहल्ले बदलले. अशा परिस्थितीत १२ मार्च १९६८ रोजी सिवूसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान झाले. त्या पिढीने सर्वांना एका साच्यात घालण्याचा हट्ट धरला नाही. प्रत्येकाला त्याचा वाटा देऊन सर्वांना एका छताखाली ठेवण्याचा मार्ग त्यांनी निवडला. सुट्ट्यांच्या यादीत महाशिवरात्र आहे, ईद आहे, तमिळांचे कावडी आहे, तेलुगूंचा उगादी आहे, चिनी वसंतोत्सव आहे, ख्रिसमस आहे, आणि मराठी माणसासाठी गणेश चतुर्थीही आहे. प्राथमिक शाळेत हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी, अरबी यांपैकी भाषा घेता येते. क्रेओल भाषेला मात्र हा मान २०१२ मध्ये मिळाला. सर्वांची असलेली भाषा सर्वांत शेवटी शाळेत आली, कारण तिच्यासाठी मागणी करणारा वेगळा 'समाज' कोणता, हेच ठरत नव्हते.

या मार्गाने देशाला शांतता दिली, हे मान्य केलेच पाहिजे, आणि आपल्या शेजारी श्रीलंकेत काय झाले ते पाहिलेल्याने तर ते अधिकच मान्य करावे. परंतु वाटे पाडताना माणसांची जी वर्गवारी झाली, तिचा भार कोणावर पडला ते रुग्णालयाच्या त्या दालनात स्पष्ट होते. संविधानाने हिंदू, मुसलमान आणि चिनी असे तीन समाज सांगितले आणि ज्यांची राहणी या तिघांत बसत नाही ते सर्व 'सर्वसाधारण लोकसंख्या' या चौथ्या खान्यात टाकले. त्यामुळे गुलामांचे वंशज आणि गुलामांच्या फ्रेंच मालकांचे वंशज एकाच खान्यात आले. संसदेतील आठ जादा जागा या चार खान्यांच्या हिशेबाने भरल्या जातात, आणि हिशेबासाठी लोकसंख्या धरली जाते ती १९७२ ची, कारण १९८२ नंतर शिरगणतीत समाज विचारणेच बंद झाले. निवडणुकीतील उमेदवाराला आपला समाज लिहून देण्याची सक्ती करण्यावर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ मध्ये बोट ठेवले. ज्याला फक्त 'मॉरिशियन' म्हणून उभे राहायचे आहे त्याच्यासाठी खाना नव्हता. १९९९ च्या फेब्रुवारीत काया हा लोकप्रिय क्रेओल गायक पोलीस कोठडीत मरण पावल्यावर जो उद्रेक झाला, त्यामागे या चौथ्या खान्यातील गरिबांची अनेक वर्षांची घुसमट होती. सत्य आणि न्याय आयोग त्यानंतर दहा वर्षांनी आला.

रुग्णालयातून बाहेर पडून आम्ही परत घाटावर गेलो. आदल्या दिवसाचीच जागा, पण आता पायऱ्यांवरून नजर आपोआप त्या दुसऱ्या इमारतीच्या दिशेने जात होती. तेथे एक वृद्ध बाई नातवासह बसल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर त्यांच्याच वयाची एक क्रेओल शेजारीण होती. आमचे मराठी कानावर पडताच बाई उठून जवळ आल्या. वाकोआजवळच्या त्यांच्या गावी दरवर्षी गणपती बसतो, त्यापुढे झाकरी, म्हणजे आपल्या कोकणातील जाखडी, नाचतात, आणि नातू शाळेत मराठी घेतो, हे त्यांनी सांगितले. मी विचारले, घरी काय बोलता? त्या म्हणाल्या, "घरात क्रेओल. देवापुढे मराठी." पिशवीतून एक छोटी वही काढून त्यांनी त्यांच्या पणजोबांचा क्रमांक मला दाखवला. तो निळ्या शाईने लिहून त्याभोवती चौकट केलेली होती. मग शेजारणीकडे हात करून म्हणाल्या, "हिच्याकडे नंबर नाही." शेजारीण हसली आणि क्रेओलमध्ये काहीतरी बोलली. बाईंनी ते आम्हाला मराठीत सांगितले: ती माझ्याबरोबर इथे तीनदा आली, मी तिच्याबरोबर तिकडे अजून एकदाही गेले नाही. नातू विचारू लागला, तिकडे म्हणजे कुठे, आणि शेजारणीने त्याला रस्त्यापलीकडे बोट करून दाखवले.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडी व्यावहारिक माहिती. घाट शनिवारी फक्त सकाळी उघडा असतो आणि रविवारी बंद असतो, त्यामुळे आठवड्यातील कामाचा दिवस धरावा आणि निघण्यापूर्वी दोन्ही ठिकाणच्या वेळा त्या त्या कार्यालयाकडून पक्क्या करून घ्याव्यात. क्युरपिप, रोझ हिलकडून येणाऱ्यांना मेट्रो सोयीची आहे. व्हिक्टोरिया स्थानकावर उतरून चालत जाता येते, फक्त उन्हाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल, टोपी आणि पाणी हवे. घाटावर मार्गदर्शक जरूर घ्यावा, कारण जमिनीतल्या भिंतींच्या रेघा त्याच्याशिवाय बोलत नाहीत. लहान मुलांना घाट अधिक समजतो. रुग्णालयातील संग्रहालयात वाचन पुष्कळ आहे आणि तेथे शाळकरी मुलांना कोणीतरी बरोबर बसून सांगावे लागते. सहलसंस्थेकडून जाणाऱ्यांनी पैसे भरण्याआधीच दोन्ही ठिकाणे कार्यक्रमात लिहून घ्यावीत. पाऊण तासात एकही नीट पाहून होत नाही. प्रत्येकी किमान दीड तास हवा.

क्रम मात्र आम्ही धरला त्याच्या उलट धरावा. आधी १७४० चे रुग्णालय, मग १८४९ चा घाट. घडले त्याच क्रमाने पाहिले म्हणजे पायऱ्यांवर उतरणारा माणूस रिकाम्या बेटावर उतरत नव्हता, हे आधीच ठाऊक असते. सकाळी नऊच्या सुमारास सुरुवात केली तर दुपारी एकपर्यंत दोन्ही होते आणि मध्यवर्ती बाजारात धोल पुरी संपण्यापूर्वी पोचता येते. ही वाटलेल्या चणाडाळीची पातळ पोळी, आपल्या पुरणपोळीची बिनगोड बहीण, कागदात गुंडाळून, नेहमी दोनाच्या जोडीने देतात. आत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची रस्साभाजी, टोमॅटोचा रुगाय आणि मिरचीची चटणी असते. मागताना "एन पेर", म्हणजे एक जोडी, म्हणावे. आमच्या रांगेत पुढे एक चिनी वंशाचा कारकून होता, मागे बुरखा घेतलेल्या दोन मुली होत्या, आणि सगळे हेच दोन शब्द म्हणत होते.